मोठ्या जावयाचा कर्नल

रविवार, १७ मे
धोंड्याचा महिना आजपासून लागला. रोजनिशीही आजपासून. नियम असे: रोज लिहायचं. खरं लिहायचं. शुद्ध भाषेत लिहायचं, कारण सानगडीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे आणि शिकवणाऱ्या माणसानं सांभाळून लिहावं. कोणाचा हेवा करायचा नाही. तसा मी करतच नाही, पण नियम असलेला बरा.

सकाळी हर्षाला घेऊन दिघोरीला सासरी आलो. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, राइस मिल आहे. उन्हाळी धान निघालं आहे, मिलपुढे ट्रॅक्टरांची लाइन लागली आहे. मामाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता वजनकाट्याजवळ दिवसभर बसवत नाही. मुलगा नाही. दोन मुली, दोन जावई. जेवताना म्हणाले की सात जूनला दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवण आहे, त्याच दिवशी मिल कोण पाहणार ते सांगून टाकतो. एवढं बोलून माझ्याकडे पाहिलं. चांगलं रोखून पाहिलं. हर्षा म्हणते माझ्या मागे वड्यांची परात होती. असो.

मोठा जावई मी. विषय संपला.

सोमवार, १८ मे
विषय संपला नाही.

सकाळी मिलमध्ये गेलो तर मामाजी एका शेतकऱ्याला सांगत होते की आमच्या इश्वररावानं कॉम्प्युटर लय भारी करून देल्ला, धानाचा कट्टा काट्यावर ठेवला का वजन पडद्यावर अन् पावती बाहेर. इश्वर म्हणजे धाकटा जावई, हर्षाच्या बहिणीचा, गुंजनचा नवरा. माझा साडभाऊ. मूळचा कारधा गावचा. नागपुरात कोणत्यातरी कंपनीत सर्व्हर सांभाळतो. दिवाळीत आला आणि दुपारी चार लोकांसारखं झोपायचं सोडून मिलच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून गेला. तेव्हापासून या घरात चहात साखर बरोबर पडली तरी नाव इश्वररावाचं.

दिवाळीत त्या दुपारी मी काय करत होतो? झोपलो होतो. मले कोणी उठवलं काहून नाही?

(शुद्ध भाषेचा नियम उद्यापासून कडक.)

मंगळवार, १९ मे
निरीक्षण केलं. इश्वरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घेतो. तोपर्यंत माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून तोंडात टाकू शकतो. कारणही सापडलं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बाकी सगळं त्याच्या जिवावर चालतं. इश्वरनं टाकलेला कर्नल रेडीमेड आहे, जगातल्या सगळ्या मशीनना चालेल असा. म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या. मी याच मशीनच्या मापाचा, घरी शिवलेला कर्नल तयार करतो. सोर्स कोड डाउनलोड करायचा, काय हवं काय नको ते ठरवायचं, बांधायचा. सात जूनच्या आत.

मामाजींना सांगितलं. त्यांनी विचारलं की चालून राहिला ना आता? मंग कायले? मी व्यवस्थित समजावलं. बराच वेळ समजावलं. शेवटी म्हणाले, करा बापा. परवानगी मिळाली.

बुधवार, २० मे
क्लासला सुट्टी दिली. बॅच तशी सिलेक्टच आहे, क्वालिटीसाठी मी संख्या कमी होऊ दिली.

कर्नलचा मेनू उघडला. हजारो ऑप्शन. ज्याच्यापुढे स्टार, तो कर्नलच्या अंगातच. ज्याच्यापुढे एम, तो मॉड्युल, म्हणजे बाहेर उभा राहतो आणि बोलावलं की आत येतो. रिकामी चौकट म्हणजे नाहीच. इश्वरच्या कर्नलमध्ये जिकडे तिकडे एम. मी झाडू घेतला. ब्लूटूथ गेलं, जॉयस्टिक गेली, टीव्ही कार्ड गेलं. यूएसबी सिरियल नावाचं काहीतरी होतं, सिरियल पोर्ट आजकाल कोण वापरतो, तेही गेलं. मामीजींनी, म्हणजे सासूबाईंनी, आंब्याचं पन्हं आणून ठेवलं आणि विचारलं की एवढं काय काढून राहिले जी. म्हटलं, घाण.

कर्नलच्या नावामागे आपली खूण लावता येते. मी इंग्रजी अक्षरांत ‘मोठेजवाई’ लावली. गर्व नाही, ओळख राहावी म्हणून.

गुरुवार, २१ मे
बांधकाम सुरू. मशीन तापलं. बाहेरही ऊन म्हणजे ऊन, कावळा दिसत नाही. मामाजींच्या खोलीतला कूलर उचलून कॉम्प्युटरपुढे लावला. मामाजी दुपारभर ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसले. मिलसाठी माणूस किती सोसतो. मनात आदर वाढला.

संध्याकाळी लाइट गेली. परत पहिल्यापासून नाही, पण जवळजवळ.

शनिवार, २३ मे
कर्नल सुरू झाला! माझा! खर्रा घोटायला घेतलेला माणूस अजून सुपारीच कातरतो आहे आणि इकडे पडदा तयार.

वजन मात्र पडद्यावर येत नाही. काटा खराब झाला असावा. हर्षा म्हणाली, काट्यावरचे लाल आकडे तर बरोबर दिसतात. मग ती खुर्ची घेऊन काट्याजवळच बसली, आकडा पाहायचा आणि पावती हाताने लिहायची. मी म्हटलं बस, तेवढाच तुझा टाइमपास होईल.

रविवार, २४ मे
काटा खराब नाही. काट्याची वायर ज्या चिपमधून कॉम्प्युटरमध्ये येते तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिची भाषा कळणारा प्रोग्राम, माझ्या कर्नलमध्ये नाही. सोपं आहे. मेनूमध्ये जायचं, त्या चिपच्या नावापुढे स्टार द्यायचा.

मेनूमध्ये ते नावच नाही. यूएसबीचा अख्खा मेनू वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. नाही. कर्नल लिहिणाऱ्यांनी काढून टाकलं असेल. हर्षा सहज म्हणाली की इश्वरभाऊंच्या वेळी तर चालत होतं. सहज म्हणाली, पण म्हणाली.

सोमवार, २५ मे
मेनूत नाव नाही तर नसो. सगळे ऑप्शन शेवटी एका साध्या फाइलमध्ये लिहिलेले असतात. मी ती फाइल उघडून हातानेच ओळ लिहिली: हा ड्रायव्हर, हो. सेव्ह केलं. बांधकाम सुरू केलं. फाइल परत पाहिली तर ओळ गायब.

परत लिहिली. परत गायब.

तिसऱ्यांदा लिहिली आणि त्याच वेळी हर्षाला गुंजनचा फोन आला. विचारत होती, कसं काय चालू आहे तिकडे. ओळ गायब.

हा योगायोग नाही.

मंगळवार, २६ मे
विचार केला. हा माणूस पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळतो. म्हणजे घरी बसून भलत्याच गावच्या कॉम्प्युटरमध्ये हात घालणं हाच त्याचा धंदा. दिवाळीत लिनक्स टाकताना दार उघडं ठेवून गेला असेल. त्यालाही मिल पाहिजे! वरून दादा दादा करतो, आतून माझ्या ओळी पुसतो.

मिलचं नेट बंद केलं. वायर काढून खिशात ठेवली. ओळ लिहिली, खुर्ची समोर ओढून बसलो, डोळ्याची पापणी हलवली नाही. डोळ्यादेखत गेली. नेट नसताना गेली! म्हणजे काहीतरी आधीच पेरून ठेवलं आहे. दिवाळीपासूनचा प्लॅन. बापा बापा, काय खोल माणूस आहे.

मामीजी सांगत आल्या की इश्वरराव चार तारखेला येऊन राहिले, त्यायले लाखोरीच्या डाळीचे वडे लय आवडते. मले काय आवडते ते कोणाले माहीत आहे का या घरात? मलेही वडेच आवडतात. पण विचारलं पाहिजे ना.

बुधवार, २७ मे
नाइलाज. इश्वरला फोन केला. सरळ नाही विचारलं. म्हटलं, माझा एक विद्यार्थी आहे, कर्नल बांधतो आहे, हाताने लिहिलेली ओळ त्याच्या फाइलमधून गायब होते, हे कोणाचं काम असू शकतं? ‘कोणाचं’वर जोर दिला. तो गडबडला नाही. उलट हसला. म्हणाला, दादा, कोणाचं नाही, डिपेंडन्सीचं काम आहे. एखादं ऑप्शन दुसऱ्याच्या आधारावर उभं असते. आधारच बंद केला असन तर मेनू ते दाखवतच नाही, अन् हातानं लिहिलं तर बांधताना तो नियम पाहते अन् खोडून टाकते. मेनूत स्लॅश दाबून नाव शोधायला सांगा, कोणावर अवलंबून आहे ते खाली लिहून येते. कुठलं बंद आहे तेही दिसते.

मी म्हटलं, हे मला माहीत आहे, विद्यार्थ्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, हाव ना, होते असं शिकताना.

शिकताना!

स्लॅश दाबला. लिहून आलं. आधार: यूएसबी सिरियल. स्थिती: बंद. गेल्या बुधवारी मी झाडून काढलेलं तेच. म्हणजे नियम असा की मोठ्याला आधी मान देऊन बसवल्याशिवाय धाकट्याला पाटच नाही. कर्नल लिहिणारे लोक संस्कारी दिसतात. आमच्या सासरी हे कधी समजणार?

गुरुवार, २८ मे
यूएसबी सिरियल परत घेतलं. लगेच चिपचं नाव मेनूत दिसलं, जणू इथेच होतं. पण स्टार देऊ देत नाही! फक्त एम. स्लॅश दाबला. कारण वरचं यूएसबीच एम आहे, वरचा एम असेल तर खालच्याला स्टार मिळत नाही. एम ठेवला तरी काम होतं म्हणतात. होत असेल. इश्वरच्या कर्नलमध्ये एम होता. माझ्यात स्टारच राहील. मी बोलावल्यावर येणाऱ्यांतला नाही. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना स्टार दिले.

हात चालू होता म्हणून आणखी सफाई केली. स्कझी डिस्क नावाचं एक ऑप्शन सापडलं. स्कझी म्हणजे जुन्या काळातल्या मोठ्या मशीनच्या डिस्क, आमच्या पुस्तकात त्यांचा फोटो होता. मिलची डिस्क साधी, साटा केबलची. काढून टाकलं. हे इश्वरला सुचलं नसतं.

लाइन मोठी आहे. शेतकरी कटकट करत नाहीत. हर्षाने त्यांना सावलीत बसवून माठ भरून ठेवले आहेत.

शुक्रवार, २९ मे
दुपारपर्यंत बांधून झालं, इन्स्टॉल झालं. मला सानगडीला क्लासवर जाणं भाग होतं, खुशबू नावाची विद्यार्थिनी फी परत मागायला येणार होती. हर्षाला सांगून गेलो की मशीन फक्त बंद करून चालू कर, बाकी कर्नल पाहून घेईल.

संध्याकाळी फोन केला. म्हणाली, चालू झालं, वजन येते, पावतीही निघते.

जिंकलो!!!

ती पुढेही काहीतरी सांगत होती, आधी काळा पडदा आला, मंग खालची ओळ असं काहीतरी, पण मी ऐकण्याच्या स्थितीत नव्हतो. फोन ठेवला आणि बाजारातून अर्धा किलो पेढे घेतले.

शनिवार, ३० मे
मशीनला हात लावला नाही. चालत्या गाडीला कायले खीळ घालायची. मामाजी म्हणाले, चांगलं झालं बा, लाइन सरकली. मी ‘कर्नल’ म्हटलं, त्यांनी मान हलवली.

पानठेल्यावर चार लोकांना सांगितलं. एकाने विचारलं की आधी पण असंच चालत होतं ना? काही लोकांना प्रगती दाखवून उपयोग नाही.

सोमवार, १ जून
डोमा नावाचे एक म्हातारे शेतकरी आणि त्यांचा शेजारी यांच्यात मिलपुढे भांडण. धान कोणाचं आधी, आणि कोणाचं ओलं. दोघंही चिल्लावून राहिले होते. मी मध्ये पडणारच होतो, पण मनात भाषणाचा पहिला भाग जुळत होता. (मिल हाती घेताना दोन शब्द बोलावे लागतील.) तेवढ्यात हर्षा उठली, दोघांच्या कट्ट्यांत हात घालून धान तळहातावर चोळलं, डोमाजींना म्हणाली की काका, तुमचं दोन दिवस वाळू द्या, तांदूळ तुटन तं मलेच शिव्या द्यान. म्हातारा ऐकून चुपचाप गेला.

मामाजी दुरून पाहत होते. लेकीचं कौतुक असतंच बापाला. भाषणात तिचाही उल्लेख करीन.

गुरुवार, ४ जून
आले. कार घेऊन आले. पांढरी कार. दिघोरीत पांढरी कार म्हणजे रोज धुवा, एवढं साधं कळत नाही.

इश्वरचे केस अजून सगळे जागेवर. कसे? रात्रपाळी करतो म्हणे, झोप नाही म्हणे, मग केस कसे राहतात? माझी झोप व्यवस्थित आहे.

जेवताना पाहिलं. त्याच्या आमरसावर तुपाची धार पडली ती थांबेचना. माझ्या वाटीजवळ येऊन तूप संपलं. मामीजी म्हणाल्या, थांबा जी, गरम करून आणतो. आणलं, पण मूड गेला. कूलर त्यांच्या खोलीत. वडे केले होते. मी कमीच खाल्ले, निषेध म्हणून. कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून नंतर बाकीचे खाल्ले.

शुक्रवार, ५ जून
काय लिहू.

सकाळी सगळे मिलमध्ये होते. मामाजी, हर्षा, गुंजन. मीच इश्वरला म्हटलं, बस, स्पीड पाहा. तो बसला. एक बारीकशी कमांड टाकली, ज्याने चालू असलेल्या कर्नलचं नाव दिसतं. मी हसत सगळ्यांकडे पाहत होतो. मग पडद्याकडे पाहिलं.

आकडे, आणि मागे जेनेरिक. रेडीमेड. त्यानेच दिवाळीत टाकलेला. ‘मोठेजवाई’ कुठेच नाही.

इश्वरने पडदा पाहिला. मग मला पाहिलं. मग हर्षाला. हर्षा पंख्याकडे पाहू लागली. त्याने पडद्यावरची अक्षरं पुसून टाकली आणि मामाजींना म्हणाला, मामाजी, दादानं काम एक नंबर केलं.

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. माह्या अंगाची आग झाली. हा माणूस मले सगळ्यायच्या पुढे पकडू शकत होता, अन् यानं मले सोडून देल्लं! उपकार करून राहिला माह्यावर! पकडलं असतं तं निदान भांडता आलं असतं. आता कोणाशी भांडू? जेवणात तूप बरोबर वाढलं होतं, तरी उतरलं नाही.

शनिवार, ६ जून
हर्षाला विचारलं. ती म्हणाली, सांगत होती ना मी त्या दिवशी, तुम्ही फोन ठेवला. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर अक्षरं येऊन सगळं ठप्प. परत चालू केलं तर कर्नलांची यादी आली, तिने त्यातली खालची ओळ, जुनीवाली, निवडून पाहिली. चाललं. तेव्हापासून रोज सकाळी तीच निवडते. म्हटलं, आठ दिवस मला सांगितलं का नाही? म्हणाली, तुम्ही पेढे वाटले होते.

दुपारी सगळे वामकुक्षी करत असताना जाऊन वरची ओळ निवडली. माझी. काळा पडदा. शेवटी लिहिलेलं की डिस्कच सापडत नाही. खालच्या ओळीने परत चालू केलं आणि मेनूत स्लॅश दाबून शोधलं. साटाची डिस्कही त्या स्कझी डिस्कवाल्या ऑप्शनच्याच आधाराने वाचली जाते. जे पुस्तकातला फोटो म्हणून काढून टाकलं, त्याच्यावर अख्खं मशीन उभं होतं.

हरकत नाही. चूक सापडली म्हणजे अर्धं काम झालं. सोमवारी दुरुस्त करतो. मामाजींनी निर्णय तर केलेलाच असणार, आणि कर्नलचं नाव पाहायला ते जात नाहीत. इश्वर बोलणार नाही. (का बोलणार नाही? चांगला दिसायचं आहे म्हणून.) भाषण पाठ आहे.

रविवार, ७ जून
दोन पाट, भोवती रांगोळी. उजवीकडचा पाट माझा, हे आधीच जाऊन पाहून आलो होतो. मामाजींना वाकता येत नाही, ते खुर्चीवर बसून पाणी टाकत होते आणि मामीजी पाय धुवत होत्या. आधी माझे. क्रम बरोबर. ताटात अनारसे, वर दिवा, कपडे. इश्वरच्या शर्टाचं कापड जास्त चांगलं वाटलं, नंतर कळलं की एकाच ठाणातलं आहे.

पुरणाचे धोंडे झाले, आमरस झाला. मग मामाजींनी बंडीच्या खिशातून मिलची किल्ली काढली. मी घसा साफ केला.

म्हणाले की माझे दोन्ही जवाई हिऱ्यासारखे. धोंड्याच्या महिन्यात जवाई म्हणजे विष्णू. आताच पाय धुतले त्यायचे. आता ज्याचे पाय धुतले त्या देवालेच उद्या सकाळी धान मोजाले बसवाचं, हे मले नाही जमत. पाप लागन. अन् मी इतके दिवस पाहून राहिलो. लाइट नव्हती, कॉम्प्युटर बंद होता, लोकं चिल्लावत होते, तरी माही पोरगी काट्यावरून उठली नाही. मिल हर्षा पाहीन.

माझा हात पुढे गेलेला होता. त्याच्या पुढून हर्षाचा हात गेला. मी आपला ताटातला एक अनारसा उचलला आणि खाल्ला, म्हणजे तेवढ्यासाठीच हात काढला होता असं वाटावं.

टाळी आधी इश्वरने वाजवली. मी वाजवणारच होतो.

हर्षा रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला अशी कधी पाहिली नव्हती. किल्ली पदराला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

सोमवार, ८ जून
इश्वर आणि गुंजन निघाले. तो कार पुसत होता, म्हणून गेलो. टोमणा तयार होता, की आता दिवाळीला कोणता कॉम्प्युटर दुरुस्त करशील. पण त्यानेच सुरू केलं. म्हणाला, दादा, खरं सांगू का, मले वाटत होतं मिल मले मिळन. नागपूरले कंटाळलो. रात्री दोन वाजता फोन येते, सर्व्हर पडला, उठ. आईबाबा कारध्याले, मी तिकडे. दिवाळीत झोप सोडून ते सगळं केलं ते त्याच्याचसाठी. मग हसून म्हणाला, तुमचा हेवा वाटते बा. तुम्हाले आता रोज इथंच राहाले भेटन.

तर बरोबरच होता माझा संशय. त्यालाही मिल पाहिजे होती! मी दोन आठवडे आधीच लिहून ठेवलं होतं. एवढं बरोबर निघून आनंद व्हायला पाहिजे होता. झाला, पण गाडी वळेपर्यंतच. मग मले त्याच्यासाठी वाईट वाटलं, आणि माह्यासाठी त्याहून जास्त. खर्रा घोटून देल्ला असता तर घेतला असता का त्यानं? विचारलं पाहिजे होतं.

बुधवार, १० जून
नवीन संकल्प. क्लास बंद करायचा (बॅच फारच सिलेक्ट झाली होती), दिघोरीतच राहायचं, हर्षाला तांत्रिक मार्गदर्शन करायचं. स्कझी डिस्कला स्टार देऊन कर्नल परत बांधायला घेणार होतो. मशीनला पासवर्ड. हर्षाला विचारला. म्हणाली, धान संपू द्या, मंग सांगतो. म्हटलं, मी नवरा आहे तुझा. म्हणाली, म्हणूनच.

शनिवार, १३ जून
दुपारी मिलमधून हर्षाचा फोन आला की डबा घेऊन या, उठायला फुरसत नाही. मामीजींनी भाजी-भाकरी, वर लाखोरीचे वडे बांधून दिले. म्हणाल्या, तुमच्यासाठीही टाकले जी, तुम्हाले आवडते ना. माहीत होतं तर त्यांना.

मिलच्या दारात एका बाईने अडवलं. नवीनच लागलेली, रंभाबाई, धान झाडते. म्हणाली, बाहेरच्या माणसाले काट्यापाशी जाऊ द्याचं नाही, बाईचा नियम आहे. मी सांगितलं, सानगडीला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. ती हलली नाही. सांगितलं, या मिलमध्ये कर्नल बांधला तो मीच. तिने झाडू दुसऱ्या हातात घेतला. मग म्हटलं, अहो मी या घरचा मोठा जवाई होय. तर विचारते, पांढऱ्या कारवाले का जी?

ऊन डोक्यावर. डब्याचं कडं हाताला चटके देत होतं. मागे दोन ट्रॅक्टरवाले पाहून राहिले होते.

शेवटी म्हटलं, हर्षाबाईचा घरवाला होय.

तेव्हा कुठं तिने पदराने खुर्ची पुसली अन् म्हणाली, मंग आधी सांगाचं ना भाऊ, बसा.